भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आता पुन्हा बदलायला हवा का?

तुम्ही विचारलंय की स्टिमाच गेले, मार्केस गेले, आता खालिद जमील आले, तरी ढाक्यात बांगलादेशकडून हरलो. मग डावपेच चुकतायत, निवड चुकतेय, प्रशिक्षकांचा ताफा चुकतोय की प्रशिक्षकच पुन्हा बदलायला हवा? माझं उत्तर आधीच सांगतो: खालिदना काढू नका. त्यांच्या चुका झाल्या आहेत आणि त्या मी खाली लिहिणारच आहे. पण आपलं दुखणं टचलाइनवर उभ्या असलेल्या माणसाचं नाही, समोरच्या गोलसमोरच्या वीस यार्डांतलं आहे.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत मोठा झालो, गेली काही वर्षं आमच्या तालमीच्या लहान पोरांना सकाळी शिकवतो. 14 ऑक्टोबर 2025 ला आम्ही चौघं जण आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून मडगावला गेलो, फातोर्ड्याला भारत-सिंगापूर बघायला. जिंकलो असतो तर आशियाई कपची आशा जिवंत राहणार होती. चौदाव्या मिनिटाला छांगटेनं बॉक्सबाहेरून मारला आणि आमच्या स्टँडमध्ये अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मध्यंतराच्या जरा आधी, 44व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उई-यंगनं बरोबरी केली, 58व्याला त्यानंच दुसरा मारला. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आपल्या हातात होता. त्या अर्ध्या तासात आपल्याला गोल कोण करून देणार, याचं उत्तर मला मैदानावर कुठं दिसत नव्हतं. शिट्टी वाजली आणि 2027च्या आशियाई कपचा दरवाजा बंद झाला. परतीच्या वाटेवर गाडीत सावंतवाडीपर्यंत कुणी बोललं नाही.

आता जरा मागं जाऊ, कारण ही घसरण एका रात्रीची नाही. 2023 मध्ये हाच संघ भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप आणि बंगळूरला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकला होता. जुलै 2023 मध्ये फिफा क्रमवारीत आपण 99व्या स्थानावर होतो. सॅफमध्ये इगोर स्टिमाच यांना दोनदा लाल कार्ड मिळालं आणि शेवटच्या टप्प्यात संघ सांभाळला तो त्यांचे सहाय्यक, गोव्याचे महेश गवळी यांनी. कुवेतविरुद्धची फायनल पेनल्टीवर जिंकली तेव्हा टचलाइनवर तेच होते. तुम्ही प्रशिक्षकांच्या ताफ्याबद्दलही विचारलंय म्हणून हे सांगतो: गवळींसारखा माणूस स्टिमाचबरोबरही होता, नंतर मार्केसबरोबरही होता. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये सातत्य अजिबात नव्हतं असं म्हणता येणार नाही.

मग आलं 2024. जानेवारीत कतारमधल्या आशियाई कपात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांकडून हरलो आणि तीन सामन्यांत एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननं 2-1 असं हरवलं. 6 जूनला सॉल्ट लेकवर कुवेतशी 0-0, आणि तोच सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना. पाच दिवसांनी दोहाला कतारविरुद्ध चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना गोल दिला गेला, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या अन्यायाचा राग मला आजही आहे. पण त्या अख्ख्या वर्षात आपण 11 सामने खेळलो, एकही जिंकलो नाही आणि एकूण चार गोल केले. चार! त्या चारांचा दोष एका रेफ्रीवर टाकता येत नाही.

17 जून 2024 ला स्टिमाच यांना काढलं. त्यांचा करार 2026 पर्यंतचा होता, त्यामुळं प्रकरण मिटवायला भारतीय फुटबॉल महासंघाला सुमारे 4 लाख डॉलर मोजावे लागले. मी हा आकडा वाचला तेव्हा आमच्या पोरांच्या बुटांचा विचार मनात आला. प्रशिक्षक बदलणं फुकट होत नसतं.

जुलैमध्ये मानोलो मार्केस आले. इथं महासंघानं जे केलं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं: 2024-25चा पूर्ण हंगाम ते एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक राहिले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं इथं उपाशी राहिला तो राष्ट्रीय संघ. एफसी गोवा इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दुसरे आले आणि सुपर कप जिंकले. भारतीय संघानं त्यांच्या हाताखाली आठ सामने खेळले: एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव. आठ सामन्यांत पाच गोल, त्यातले तीन एकट्या मालदीवविरुद्ध.

हे वाचून कुणी म्हणेल की मार्केस कमी पडले. मी म्हणतो, हाच माणूस त्याच वर्षी गोव्याला पासिंगचं सुंदर फुटबॉल खेळवत होता. फरक कुठं होता? गोव्याकडं पुढं अर्मांदो सादिकू होता, त्याच्या मागं इकेर ग्वारोचेना, बोर्हा एरेरा. राष्ट्रीय संघात त्या तिन्ही जागा रिकाम्या. मागून बांधत आणायचं, मधून पास फिरवायचा, बाजूनं उघडायचं आणि शेवटी चेंडू ज्याच्या पायात द्यायचा तो माणूसच नाही.

आणि योगायोग बघा, 3 मे 2025 च्या त्या सुपर कप फायनलमध्ये गोव्यासमोर जमशेदपूर होतं आणि जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील. खालिद यांचं मोठं काम म्हणजे 2016-17ची आय-लीग, देशातली तेव्हाची अव्वल लीग. त्याआधीच्या हंगामात खाली घसरलेल्या आयझॉलला त्यांनी मोहन बागान, ईस्ट बंगालच्या पुढं नेऊन विजेतं केलं. मुंबईच्या फुटबॉलवाल्यांना ते महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाचे मिडफिल्डर म्हणून आठवत असतील, नंतर मुंबई एफसी त्यांनी वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांत टिकवून धरली. त्यांची पद्धत ठरलेली आहे: दोन ओळी घट्ट, मधे जागा द्यायची नाही, चेंडू मिळाला की दोन-तीन पासांत पुढं, आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांवर मेहनत. कमी साहित्यात संसार करणारा प्रशिक्षक. जमशेदपूरलाही ते सेमीफायनलपर्यंत घेऊन गेले. पण तिथंही ते लांब चेंडू पुढं पकडायला हावी सिव्हेरियो आणि जॉर्डन मरे होते.

म्हणजे दोघांच्या पद्धती अगदी उलट, आणि दोघांच्याही क्लबांच्या यशात पुढचा माणूस परदेशी. आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी खेळवता येतात. क्लबवाले ते कुठं लावतात? मधल्या कण्यावर: सेंटर बॅक, मधला आणि नंबर नऊ, म्हणजे मुख्य स्ट्रायकर. त्यात क्लबांचा दोष नाही, त्यांना जिंकायचं असतं. पण भारतीय पोरगा मग विंगवर जातो नाहीतर बेंचवर. हे मी आमच्या पेठेतच डोळ्यांनी बघितलंय. आमच्या संघात एक पोरगं होतं, बॉक्समध्ये पाठ करून चेंडू घ्यायचं, वळायचं आणि मारायचं. एका हंगामात बाहेरून फॉरवर्ड आणला आणि ह्याला उजव्या बाजूला टाकलं. दोन वर्षांनी बाहेरचा गेला, पोराला परत मध्ये आणलं, तर त्याचा पहिला टच बाजूच्या रेषेकडं जायचा. पाय विसरले होते. ते बघून मला त्या पोराचं फार वाईट वाटलं, कारण त्यात त्याची काही चूक नव्हती.

म्हणून छेत्रीच्या पुनरागमनाबद्दल मी मार्केसना दोष देत नाही. त्या हंगामात आयएसएलमध्ये सगळ्यांत जास्त गोल करणारा भारतीय चाळीस वर्षांचा छेत्रीच होता, 14 गोल. प्रशिक्षकानं दुसऱ्या कुणाला बोलवायचं? मार्च 2025 मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध तो आला आणि गोल केला, 95वा. सहा दिवसांनी त्याच मैदानावर आशियाई कप पात्रतेच्या सामन्यात बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगला आशिक कुरुणियनच्या पायात सोपी संधी आली होती, ती गेली, आणि भरपाई वेळेत स्टेफान परेरानं पेनल्टीवर आपल्याला हरवलं. 2 जुलैला मार्केस बाजूला झाले.

1 ऑगस्टला खालिद आले. सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे 2012 नंतर पहिल्यांदा पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक. सुरुवात बघून मला खरंच आनंद झाला होता. मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी 2-1 हरवलं: उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं डोकं, मग संदेश झिंगन, आणि गोलरक्षक गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून 0-3. अफगाणिस्तानशी 0-0. तिसऱ्या जागेसाठी ओमानशी उदांतानं बरोबरी करून दिली आणि पेनल्टीवर जिंकलो. त्या संघात छेत्री नव्हता, मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नव्हते, इरफान याडवाडसारख्या तरुणाला पुढं संधी मिळाली. हा संघ कोणाला घाबरत नव्हता.

आणि इथंच मला खालिद यांची चूक दिसते. ऑक्टोबरच्या सिंगापूरच्या दोन सामन्यांसाठी छेत्रीला परत बोलावलं. समजू शकतो, दोन्ही सामने जीवनमरणाचे होते. पण सप्टेंबरमध्ये जे उभं राहायला लागलं होतं ते ऑक्टोबरमध्ये मोडलं. सिंगापूरमध्ये झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यावर दहा जणांनी झुंजून, रहीम अलीच्या 90व्या मिनिटाच्या गोलनं 1-1 मिळवला. तो गुण मोठा होता. पण त्या कार्डामुळं झिंगन फातोर्ड्याला नव्हता आणि बचावातला त्याचा आवाज त्या रात्री नव्हता, हे स्टँडमधूनसुद्धा कळत होतं. माझ्या डोळ्यांना दिसलं ते असं: गोल झाल्यावर आपली ओळ पावला-पावलानं मागं सरकत गेली. दुसऱ्याच्या मैदानावर दहा जणांनी तसं खेळणं बरोबर. घरच्या मैदानावर, आघाडीवर असताना, जिंकणं गरजेचं असताना ते बरोबर नव्हतं. घट्ट बसणं ही खालिद यांची ताकद आहे, पण ती कधी सोडायची हे त्यांना या पातळीवर अजून शिकायचंय.

त्यानंतर छेत्रीनं पुन्हा निरोप घेतला आणि 18 नोव्हेंबरला ढाक्यात मोरसालिननं बाराव्या मिनिटाला केलेल्या एका गोलनं हरलो. बांगलादेशकडून 22 वर्षांनी हरलो. पाच पात्रता सामन्यांत दोन गुण, दोन गोल, विजय शून्य. नोव्हेंबर 2025 च्या क्रमवारीत 142.

आणखी एक गोष्ट, जी डावपेचांच्या चर्चेत सुटून जाते. आपल्या गटातल्या तिघांनीही बाहेरून माणसं आणली. सोंग जन्मानं कोरियाचा, 2021 मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. हाँगकाँगचा परेरा जन्मानं ब्राझीलचा. बांगलादेशचा हमजा चौधरी इंग्लंडमध्ये वाढलेला. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळं ही वाट अरुंद आहे. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला; त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. त्यानं जे सोडलं त्याबद्दल मला आदर आहे. पण मंजुरी न आल्यानं ढाक्यात तो खेळू शकला नाही, आणि अशी माणसं आपल्याला डझनभर मिळणार नाहीत.

त्यात तेव्हा लीगच थांबलेली होती. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला म्हणून 2025-26ची आयएसएल जुलैमध्येच लांबणीवर टाकली. आता सांगा, ज्या खेळाडूंनी महिनोन्महिने लीगचे सामनेच खेळलेले नव्हते त्यांना कुठला प्रशिक्षक प्रेसिंग, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणं, करायला लावणार होता? सराव कॅम्पात पळून सामन्याचा दम येत नाही. आमची पोरंसुद्धा पावसाळ्यानंतर पहिल्या तीन सामन्यांत साठाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवतात.

तेव्हा मी खालिद यांच्या जागी असतो तर पुढच्या वर्षभरात निकालाकडं न बघता दोन पोरांना नंबर नऊवर ठेवलं असतं, इरफान आणि जून 2025 मध्ये थायलंडविरुद्ध पदार्पण केलेला सुहेल भट. चुकले तरी खेळवायचे, दहा सामने. विंगवर ढकलायचं नाही. आणि महासंघाकडून एकच हट्ट धरला असता: भारतीय स्ट्रायकरला ठरावीक मिनिटं मिळतील असा लीगचा नियम. परदेशी स्ट्रायकर बघायला मलाही आवडतात, पण तो नियम झाला तर क्लबांना पोरं घडवावीच लागतील. खालिद यांचा करार दोन वर्षांचा आहे. तो पूर्ण होऊ द्या. परत फातोर्ड्याला सामना लागला तर आम्ही चौघं पुन्हा आंबोली उतरून जाणार आहोत.