फीत कापायला सगळे, जाळीतली पानं काढायला कोण?

प्रश्न: नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षं झाली पिट्सबर्गला असते. सध्या आई-बाबा आलेत. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले त्यामुळे फिरायला नेलं तरी त्यांचं लक्ष कठडे, सांधे आणि पुलाखालच्या खांबांवर. रस्ते, पूल, पाण्याच्या लाइनी यांवर पैसे खर्च करा म्हणून अमेरिकेत देशभर एक मोहीम चालते हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून मला छळतायत, की अगं यांचे रस्ते तर चांगलेच आहेत, मग मोहीम कशाला? आणि सरकारच्या मागे लागायला कंत्राटदार पुरेसे असतात की! काय सांगू त्यांना?

उत्तर: आधी बाबांना नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की त्यांचा शेवटचा टोमणा अगदीच चुकीचा नाहीये.

मोहीम म्हणजे मुळात ‘इन्फ्रास्ट्रक्चर वीक’. २०१३ साली सुरू झाली, दर वर्षी साधारण मे महिन्यात एक आठवडा वॉशिंग्टनमध्ये आणि गावोगावी कार्यक्रम, भाषणं, पुलांच्या भेटी, खासदारांच्या गाठी. पुढे त्याच मंडळींचं नाव ‘युनायटेड फॉर इन्फ्रास्ट्रक्चर’ झालं. यात कंत्राटदार आणि इंजिनिअर आहेतच, पण गंमत अशी की व्यापाऱ्यांची सगळ्यात मोठी संघटना यूएस चेंबर ऑफ कॉमर्स आणि कामगार संघटनांचा महासंघ एएफएल-सीआयओ हे दोघंही एकाच बाजूला आहेत. हे म्हणजे आपल्याकडे मालक आणि युनियन एकाच ट्रकवर चढून घोषणा देतायत असं समजा. मोहीम सुरू व्हायच्याही आधी, २०११ साली या दोघांचे प्रमुख, टॉम डोनोह्यू आणि रिचर्ड ट्रमका, सिनेटच्या कमिटीसमोर शेजारी बसून रस्ते-पुलांसाठी पैसे मागत होते, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं.

आता ‘रस्ते चांगलेच आहेत’ याबद्दल. बाबांना लांब न्यायला नको, तुमच्याच गावात फोर्ब्स अव्हेन्यूवर फर्न हॉलो पूल आहे तिथे घेऊन जा. जुना पूल २८ जानेवारी २०२२ ला सकाळी पावणेसातच्या आसपास फ्रिक पार्कच्या दरीत कोसळला. बर्फ पडला होता म्हणून शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या, त्यामुळे पुलावर गर्दी नव्हती, तरी एक जोडबस आणि काही गाड्या खाली गेल्या, दहा जण जखमी झाले, मेलं कोणी नाही हे नशीब. आणि योगायोग बघा, त्याच दिवशी प्रेसिडेंट बायडन पिट्सबर्गला येणार होते, विषय इन्फ्रास्ट्रक्चर!

पण बाबांना खरा इंटरेस्ट वाटेल तो कारणात. तो पूल वेदरिंग स्टीलचा होता. या लोखंडाला रंग लावत नाहीत, वरचा गंजाचा थरच त्याचं चिलखत होतो आणि आतलं लोखंड वाचतं, फक्त एकच अट, ते ओलं झालं की पुन्हा सुकलं पाहिजे. फर्न हॉलोवर काय झालं तर पाणी वाहून जायच्या जाळ्या पानांनी आणि कचऱ्याने तुंबल्या, पाणी भलतीकडून पुलाच्या तिरक्या पायांवर उतरत राहिलं, पाय कायम ओले, थर काही धरेना आणि लोखंड वर्षानुवर्षं खात खात पातळ होत गेलं. २०११ पासून पुलाची नोंद ‘पुअर’, म्हणजे खराब, अशी होती. इन्स्पेक्शन होत होती, दर वेळी रिपोर्टमध्ये तीच वाक्यं, जाळ्या साफ करा, दुरुस्ती करा. अपघातांची चौकशी करणारी तिथली केंद्रीय संस्था एनटीएसबी, तिने २०२४ मध्ये सरळ सांगितलं की शिफारशी होत्या, महापालिकेने त्यावर काम केलं नाही. म्हणजे पूल पाडला तो भूकंपाने नाही, ओव्हरलोड ट्रकने नाही, साचलेल्या पानांनी. मोहीम कशाला लागते तर यासाठी लागते. नवा पूल मागायला कोणीही मागतो हो, फीत कापायला मिळते, पाटी लागते. जाळी साफ केल्याची पाटी कुठे लावणार?

प्रश्न: माझा भाचा टेक्सासला असतो. घरात कुठलंही काम रखडलं की तो ‘इट्स इन्फ्रास्ट्रक्चर वीक’ म्हणतो आणि सगळे हसतात. मला जोक कळला नाही, विचारायची लाज वाटली. (डोंबिवली)

उत्तर: लाज कसली काका, तो जोक समजायला जून २०१७ मध्ये टीव्ही बघितलेला असायला हवा. वर सांगितलेली मोहीम मे महिन्यात होऊन गेली आणि जूनमध्ये ट्रम्प यांच्या व्हाइट हाऊसने आपला वेगळा ‘इन्फ्रास्ट्रक्चर वीक’ जाहीर केला. नेमका त्याच आठवड्यात एफबीआयचे काढून टाकलेले डायरेक्टर जेम्स कोमी यांची सिनेटमध्ये साक्ष, मग रस्ते-पुलांकडे बघतो कोण. पुढेही असंच, विषय काढला रे काढला की दुसरा काहीतरी बॉम्ब फुटायचा. २०१९ च्या एप्रिलमध्ये तर दोन्ही पक्षांचं दोन ट्रिलियन डॉलरवर, म्हणजे दोन लाख कोटी डॉलरवर, तोंडी जमलं होतं आणि मे महिन्यात पुढच्या मीटिंगमधून ट्रम्प काही मिनिटांत उठून गेले. तेव्हापासून ‘इन्फ्रास्ट्रक्चर वीक’ म्हणजे येतोय येतोय आणि कधीच येत नाही अशी गोष्ट. आपल्याकडे ‘उद्या नक्की’ म्हणतात ना, तसं. बिचाऱ्या मोहिमेचं नाव मात्र त्यात फुकट बदनाम झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ते-पुलांना पैसे देणारा कायदा पास झाल्यावर बायडन यांनीसुद्धा, चला, एकदाचा इन्फ्रास्ट्रक्चर वीक आला, असा शेरा मारून घेतला.

प्रश्न: मी सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे, सांगली. आमचे सर म्हणाले अमेरिकेच्या रस्त्या-पुलांना शाळेसारखे मार्क देतात. कोण देतं? आणि जे देतात त्यांनाच पुढे काम मिळणार असेल तर ते मार्क कमीच देणार ना?

उत्तर: तुमचे सर बरोबर आणि तुमची शंका त्याहून बरोबर. मार्क देते अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स, १८५२ सालची संस्था. त्यांचं रिपोर्ट कार्ड १९९८ पासून निघतं, अलीकडे दर चार वर्षांनी. पहिलं आलं तेव्हा देशाला डी. मग वर्षानुवर्षं डी नाहीतर डी प्लस, २०१७ ला पण डी प्लस. २०२१ ला सी मायनस आणि २०२५ ला सी, म्हणजे पोरगं काठावर पास झालंय आणि घरात पेढे वाटायचे की नाही यावर वाद चालू.

हो, संस्था इंजिनिअरांची आहे आणि पैसे आले तर काम इंजिनिअरांनाच मिळणार आहे, हे लपवून काही उपयोग नाही. मीही ते मार्क थोडा संशय ठेवूनच वाचतो. पण त्यांच्याबाजूने एक सांगायला पाहिजे, कच्चा माल त्यांनी मनाने बनवलेला नाही. २०२१ च्या कार्डात म्हटलं होतं की देशात ६ लाख १७ हजारांहून जास्त पूल आहेत, त्यातले ४२ टक्के पन्नाशीच्या पुढचे आणि साडेसात टक्के खराब अवस्थेतले. पुलांचे हे आकडे सरकारच्याच नोंदवहीतले, नॅशनल ब्रिज इन्व्हेंटरी म्हणतात तिला. डेक, वरचा सांगाडा आणि खालचा आधार यांना शून्य ते नऊ मार्क, एकातही चार किंवा खाली आले की पूल ‘पुअर’. आणि ही वही सगळ्यांना खुली आहे हं, तुम्ही सांगलीत बसून पिट्सबर्गच्या पुलाचे मार्क बघू शकता, बघाच एकदा, प्रोजेक्टला विषय मिळेल.

मोहिमेची खरी अक्कल मला यात दिसते. ‘गुंतवणुकीची गरज’ वगैरे म्हटलं की कोणी ऐकत नाही, डी प्लस म्हटलं की कुठल्याही आई-बापाला कळतं.

प्रश्न: आम्ही न्यूजर्सीत राहतो, गॅस भरताना टॅक्स देतोच की. मग रस्त्यांना पैसे कमी कसे पडतात? आणि मोहिमेने नेमकं मिळवलं काय?

उत्तर: केंद्राचा गॅस टॅक्स, म्हणजे पेट्रोलवरचा कर, गॅलनला १८.४ सेंट आहे आणि तो १९९३ पासून एक सेंटही वाढलेला नाही. १९९३! तेव्हापासून डांबर, सिमेंट, मजुरी सगळं वाढलं, गाड्या कमी गॅस पिऊ लागल्या, इलेक्ट्रिक गाडीवाला तर हा टॅक्स देतच नाही, त्यामुळे रस्त्यांच्या फंडाला भोक पडलं आणि २००८ पासून ते सरकारच्या इतर तिजोरीतून बुजवत आणलंय. २०१८ मध्ये खुद्द चेंबर ऑफ कॉमर्स म्हणालं की दर वर्षी पाच सेंट असा पाच वर्षांत पंचवीस सेंट टॅक्स वाढवा. व्यापारी म्हणतायत आमच्यावर कर लावा, आणि पुढारी म्हणतायत नको नको! कारण उघड आहे, पंपावरचा आकडा मतदाराला रोज दिसतो.

मिळवलं काय तर १५ नोव्हेंबर २०२१ ला सही झालेला कायदा. एकूण १.२ लाख कोटी डॉलर म्हणतात, पण त्यात नेहमीचा खर्चही धरलाय, नवीन पैसे ५५ हजार कोटी डॉलरचे, पाच वर्षांत. त्यातले ११ हजार कोटी रस्ते-पुलांना, शिशाचे पाण्याचे पाइप बदलायला दीड हजार कोटी (मिशिगनमधलं फ्लिंट आठवतंय ना, २०१४ पासून नळातून शिसं येत होतं), शिवाय रेल्वे, इंटरनेट वगैरे. सिनेटमध्ये ६९ मतं पडली, त्यात १९ रिपब्लिकन, हल्लीच्या दिवसांत हे म्हणजे नवलच. सगळं श्रेय मोहिमेला द्यायला मी तयार नाही, पण दोन्ही बाजूच्या खासदाराला आपल्या मतदारसंघातला व्यापारी आणि युनियनवाला दोघंही एकच गोष्ट सांगत येतात तेव्हा त्याला हो म्हणणं सोपं जातं. गॅस टॅक्स मात्र तेव्हाही वाढवला नाही. पैसे सप्टेंबर २०२६ पर्यंतचेच, म्हणजे या मंडळींना पुन्हा दारोदार फिरणं आलंच.

प्रश्न: मी महाडचा. आमच्या सावित्रीवरच्या पुलाचं जे झालं ते सगळ्यांना माहितीये. आपल्याकडे अशी मोहीम का नाही?

उत्तर: दादा, २ ऑगस्ट २०१६ ची ती रात्र कोण विसरेल, पुरात ब्रिटिशांच्या काळचा दगडी पूल गेला आणि बरोबर दोन एसटी. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. फर्न हॉलोचंही तेच, २०२२ च्या जानेवारीत पडला, डिसेंबरमध्ये नवा चालू. पडल्यावर पैसेही मिळतात, सह्याही होतात, दोन्ही देशांत सारखंच.

अमेरिकेतसुद्धा पुलांची देशभर ठराविक तपासणी हा नियम आला तो सिल्व्हर ब्रिजनंतर, १९६७ च्या डिसेंबरमध्ये ओहायो नदीवरचा तो पूल पडून ४६ माणसं गेली तेव्हा. पण त्या तपासणीचे मार्क लोकांना बघता येतात म्हणून तिथल्या मोहिमेच्या हातात बोलायला काहीतरी असतं. आपण ‘स्ट्रक्चरल ऑडिट झालं’ एवढंच ऐकतो. २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला तो ऑडिटमध्ये पास झालेला होता. तेव्हा मोहीम काढायचीच असेल तर पैसे मागायच्या आधी ते रिपोर्ट मागा, माहितीच्या अधिकारात, एकेका पुलाचे, तालुक्यापासून सुरू करा.

प्रश्न: मी पुन्हा पिट्सबर्गवाली. बाबांना फर्न हॉलोला नेऊन आणलं, ते अर्धा तास खाली वाकून बघत होते. आता म्हणतायत, पूल नवा आहे ते ठीक, पण जाळ्या कोण साफ करतं ते विचार.

उत्तर: महापालिकाच करते, करायला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये पानगळ सुरू झाली की बाबांना परत घेऊन जा, तोपर्यंत ते तिथे असतील तर. फुटपाथवरूनच बघा, रस्त्यात उतरू नका. जाळी तुंबलेली दिसली की फोटो काढून महापालिकेच्या ३११ या फोनवर कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, तो मागायचा असतो हे बाबांना सांगायला नको, त्यांची सगळी नोकरी टेबलाच्या त्या बाजूला झालीये.