सोलापूरहून एका दिवसात विजापूर: गोलघुमटाशिवाय काय पाहावे?

आपण विचारले आहे की, लग्नानिमित्त सोलापूरला येणे होत आहे, नंतरचा एक दिवस मोकळा आहे, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत, तर विजापुरात गोलघुमटाव्यतिरिक्त पाहण्यासारखे काही आहे का आणि ते दिवसाभरात होईल का. मी सोलापूरचाच असून पाहुणे आले की त्यांना विजापूर दाखवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. त्या अनुभवावरून सांगतो की दिवसाभरात होईल. फक्त मनातला क्रम बदलावा लागेल. विजापूरला इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि मशीद, पाहण्यासाठी जावे, गोलघुमट त्या निमित्ताने पाहून होतोच.

अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि रस्ता चांगला आहे. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर झाले आहे, त्यामुळे पाट्यांवर विजापूर शोधू नये. शक्यतो शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी गोलघुमटासमोरील नगारखान्यातले संग्रहालय बंद असते आणि जामा मशिदीत नमाजाची गर्दी असते. पहाटे साडेपाचला निघालात तर आठच्या आत गोलघुमटाच्या दारात पोहोचाल. एवढ्या लवकर जाण्याचे कारण ऊन नसून शाळांच्या सहली हे आहे.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षी, जेमतेम पुरी झाली. आत एकही खांब नाही आणि वर सुमारे ४४ मीटर बाह्यव्यासाचा घुमट आहे. तो कशावर तोलला आहे हे पाहायचे असेल तर मधोमध उभे राहून भिंतींचे कोपरे न्याहाळावेत. एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानींनी वर आठ टोकांची चांदणी तयार केली आहे. त्यामुळे चौकोनी दालनाचे तोंड वर जाता जाता आक्रसते आणि घुमटाची कड भिंतीच्या बरीच आत येऊन बसते. मधल्या जागेत जो सज्जा उरला, तीच प्रसिद्ध प्रतिध्वनीची गॅलरी. वास्तुविशारद म्हणून दाभोळच्या याकुताचे नाव घेतले जाते, म्हणजे हा मनुष्य आपल्या कोकणातला. चौथऱ्यावर सुलतानाच्या शेजारी त्याच्या बेगमांबरोबर रंभा नावाच्या नर्तकीचीही कबर दाखवतात. अर्थात दिसतात त्या केवळ खुणेच्या कबरी, खरे दफन खाली तळघरात आहे.

गॅलरीत जाण्यासाठी कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून चढावे लागते. पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, आणि वरून येणाऱ्याला वाट देताना भिंतीला चिकटावे लागते. गुडघ्यांची तक्रार असेल तर आई-वडिलांना वर नेण्याचा आग्रह मुळीच धरू नये. खाली दालनातही आवाजाची गंमत कळते. मी एकदा अगदी सकाळी वर गेलो होतो, तेव्हा पलीकडच्या बाजूला, म्हणजे समोर जवळजवळ चाळीस मीटरवर, एक आजोबा खिशातली शेंगदाण्याची पुडी उलगडत होते आणि त्या कागदाची चुरचुर माझ्या कानाशी कोणी पुडी सोडावी तशी ऐकू येत होती. तासाभराने तिथे दोनशे मुले एकदम किंचाळत होती आणि त्या गदारोळात शेजारच्याचे बोलणेही कळेना. गोलघुमट पाहून निराश झालेले लोक भेटतात, त्यांतले बहुतेक अकराच्या सुमारास गेलेले असतात.

जामा मशीद, गगनमहाल आणि बारा कमान ही तिन्ही ठिकाणे त्यानंतर दुपारपर्यंत होतात. गगनमहाल म्हणजे एक प्रचंड कमान आणि तिच्या दोन बाजूंना दोन अरुंद कमानी, बाकी छत गेलेले; युसूफ आदिलखानाने १४९० मध्ये सुरू केलेली आदिलशाही राजवट १२ सप्टेंबर १६८६ रोजी औरंगजेबापुढे संपली, आणि शेवटचा सुलतान सिकंदर याला चांदीच्या बेड्या घालून इथेच त्याच्यासमोर उभे केले, असे सांगतात. बारा कमान ही दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. तिची सावली गोलघुमटावर पडेल म्हणून काम थांबवले, ही गाइड मंडळींची आवडती गोष्ट आहे; दोन्ही वास्तूंमधले अंतर पाहिले की ती कितपत खरी मानायची ते आपले आपण ठरवावे.

मलिक-ए-मैदान तोफ मात्र मराठी माणसाने चुकवू नये. ही तोफ १५४९ साली अहमदनगरात निजामशाहीसाठी ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ च्या सुमारास आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती विजापूरला आणली. ज्याने केलेल्या हत्तीच्या तुलेमुळे, म्हणजे हत्तीच्या वजनाइतक्या दानामुळे, पुण्याजवळच्या तुळापूरला ते नाव पडल्याचे सांगतात, तोच हा मुरारपंत. तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरला आहे आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती आहे. वजन सुमारे ५५ टन. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, ती लिलावात दीडशे रुपयांना गेली होती, पण सुदैवाने व्यवहार रद्द झाला. भर उन्हातही धातू फारसा तापत नाही असे म्हणतात; मी एप्रिलमध्ये हात लावला होता आणि लगेच काढून घेतला.

दुपारचे जेवण एखाद्या साध्या खानावळीत घ्यावे. कडक ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी असे ताट समोर आले की आपण सोलापूर सोडलेच नाही असे वाटते. भाषेचीही अडचण येत नाही. कानडी येत नसेल तर दख्खनी हिंदीवर सगळे भागते आणि पुष्कळांना मराठी समजते. आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठीचा वापर होताच.

चारनंतर शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेर असलेल्या इब्राहिम रोज्याकडे वळावे. दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा गाण्याचा वेडा सुलतान. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा दख्खनीतील गीतसंग्रह सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन करतो आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. एकाच चौथऱ्यावर पूर्वेला त्याची कबर आणि पश्चिमेला मशीद अशा दोन वास्तू समोरासमोर उभ्या आहेत, मधे हौद आहे. गोलघुमट आकाराने माणसाला गप्प करतो. इथे मात्र जवळ जाऊन, भिंतीला नाक लावून पाहावे लागते. खिडक्यांच्या दगडी जाळ्या नक्षीच्या नसून अरबी अक्षरांच्या आहेत: अक्षर ठेवून मधला दगड कोरून काढला आहे, त्यामुळे आतल्या अंधारात उजेड येतो तो त्या मजकुराच्या फटींतून. आत मान वर केली की सुमारे चाळीस फूट लांबी-रुंदीचे जवळजवळ सपाट दगडी छत आधाराविना तरंगल्यासारखे दिसते, आणि घुमट त्याच्याही वर वेगळा आहे. मलिक संदल या वास्तुकाराचे हे काम. मशिदीच्या छज्ज्याला लोंबणाऱ्या साखळ्याही दगडाच्या आहेत, हे मी सांगेपर्यंत माझ्या मामांच्या लक्षात आले नव्हते, आणि सांगितल्यावर ते अर्धा तास तिथून हलले नाहीत.

आई-वडिलांसाठीही हेच ठिकाण सोयीचे आहे: चौथऱ्यावर जाण्यापुरत्या पायऱ्या आहेत, पुढे सपाट फरसबंदी आणि समोर हिरवळ. अफजलखानाची साठ कबर, म्हणजे त्याच्या बायकांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कबरी, पाहण्याचा मोह होईल, पण ती शहराबाहेर आहे आणि वाट विचारत जावे लागते. वयस्कर माणसे बरोबर असताना ती सोडून दिलेली बरी. बंद होण्याच्या वेळेपर्यंत रोज्यातच थांबावे. सहाच्या सुमारास निघालात तर रात्री नऊच्या आत सोलापूरला जेवायला पोहोचता येते.