वांद्र्याच्या गल्ल्या खाजगी गाईड घेऊन पायी पाहाव्यात का?

आपला प्रश्न असा आहे की, डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन आपण पुण्याहून मुंबईत येणार आहात, वांद्रे पश्चिमेतील रानवार आणि चॅपल रोडचा भाग पायी पाहण्याची इच्छा आहे, तर केवळ आपल्या कुटुंबापुरता गाईड घेण्याचे पैसे वसूल होतात का, की मोबाईलवर नकाशा उघडून स्वतःच फिरलेले बरे. मी या भागात अशा दोन फेऱ्या पैसे देऊन केल्या आहेत. त्यांपैकी एक साफ फसली आणि दुसरी इतकी चांगली झाली की त्यानंतर मी एकटाही तिथे अनेकदा गेलो. त्यामुळे माझे उत्तर ‘होय’ असे आहे, परंतु एका अटीवर: गाईड त्या गावठाणातला, किंवा निदान तिथल्या माणसांना नावानिशी ओळखणारा असला पाहिजे. तसा मिळत नसेल तर नकाशा पुरेसा आहे.

फसलेल्या फेरीविषयी आधी थोडक्यात सांगतो. कार्यालयातील दोन परदेशी पाहुण्यांसाठी मी ती ठरवली होती. गाईड वेळेवर आला, त्याचे इंग्रजी उत्तम होते आणि स्वभावही हसतमुख होता. मात्र दोन तासांत त्याने आम्हाला जे दाखवले ते म्हणजे अमुक नटाचा बंगला, तमुक नटीची आवडती कॉफी आणि प्रत्येक रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहून छायाचित्रे. शेवटी तो आम्हाला कपड्यांच्या एका महागड्या दुकानात घेऊन गेला आणि तिथल्या विक्रेत्याने त्याचे ज्या आपुलकीने स्वागत केले, त्यावरून त्या दुकानात जाण्याचे कारण आम्हाला उमगले. याचेही मला फारसे वाईट वाटले नसते, पण मध्येच एका घराच्या ओट्यावर आमचे पाहुणे बसले असता आतून आलेल्या बाईंनी त्यांना उठायला सांगितले, तेव्हा गाईडने ती गोष्ट हसण्यावारी नेली. ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याचीच दखल न घेता चाललेले हे फिरणे मला आजही खटकते.

दुसऱ्या वेळी सोबत माझी पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई होती. गाईड म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, शेजारच्याच पाखाडीत वाढलेले एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले, गृहस्थ. तिघांचे मिळून त्यांनी 4,500 रुपये घेतले, अडीच तास कबूल केले आणि प्रत्यक्षात तीन तासांहून अधिक वेळ दिला. पाखाडी हा शब्द मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकला. आज जे वांद्रे आपण एक उपनगर म्हणून ओळखतो, ते मुळात शेर्ली, राजन, कांतवाडी, वरोडा, रानवार, पाली अशा लहान लहान वस्त्यांचे मिळून बनलेले होते, त्यांच्यामध्ये भाताची शेते आणि भाजीचे मळे होते, आणि या वस्त्यांनाच पाखाड्या म्हणत. एवढी एक गोष्ट कळली की त्या भागाचा नकाशा वेगळा दिसू लागतो. गल्ल्या एवढ्या अरुंद आणि वाकड्या का, तर त्या रस्ते म्हणून आखलेल्याच नव्हत्या, त्या घरांमधल्या वाटा होत्या. आणि त्यांच्या अवतीभवतीचे सरळ, रुंद रस्ते पुढे शेतजमिनींवर आखले गेले. रानवारातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागताना आपण गावाची शीव ओलांडत असतो, हे गाईडने आम्हाला दोनदा मागे-पुढे चालवून दाखवले.

ईस्ट इंडियन या नावाचा घोळ बहुतेक मराठी माणसांच्या मनात असतो, माझ्याही होता. ही माणसे पूर्वेकडून आलेली नव्हेत, तर साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरची मूळची रहिवासी आहेत. पोर्तुगीज अमदानीत इथल्या कोळी, कुणबी, भंडारी आणि इतर समाजांतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आडनावे पोर्तुगीज झाली, पण घरातली भाषा मराठीच राहिली. पुढे इंग्रजांच्या काळात गोवा आणि मंगळूर येथून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण इथलेच आणि कंपनी सरकारचे जुने चाकर आहोत हे ठसवण्यासाठी या समाजाने 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारे हे नाव घेतले. मूळचे असल्याचे सांगण्यासाठी परक्या कंपनीचे नाव घ्यावे लागले, हा विरोधाभास आमच्या गाईडने स्वतःच हसत हसत बोलून दाखवला.

इथे माझ्या आईचा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचे माहेर रेवदंड्याचे. रानवारातील एका घराच्या ओट्यावर एक आजी मासे साफ करत बसल्या होत्या आणि गाईड त्यांच्याशी काहीतरी बोलले. आम्हाला ते कोकणी वाटले, पण आई मात्र थबकली, कारण तिच्या लहानपणी शेजारच्या कोळीवाड्यात ‘आलास’ऐवजी जे ‘आयलास’ ऐकू येई, तेच ती इथे ऐकत होती. पुढची वीस मिनिटे आमच्या फेरीचा ताबा त्या दोघींकडे होता. बोलणे बॉटल मसाल्यावर गेले. हा ईस्ट इंडियन घरांतला वर्षाचा मसाला, उन्हाळ्यात मिरच्या आणि कितीतरी प्रकारचे जिन्नस भाजून-कांडून करायचा आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या गडद रंगाच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायचा. म्हणूनच त्याचे हे नाव. आईने आपल्या घरच्या मसाल्याचे जिन्नस सांगितले, त्या आजींनी त्यातले दोन मोडीत काढले, आणि गाईड घड्याळाकडे न पाहता भिंतीला टेकून उभे राहिले. वीस जणांच्या गटात हे घडणे शक्य नव्हते. खाजगी फेरीत आपण ज्याचे पैसे मोजतो ते मुख्यतः हे थांबता येणे आहे, आणि वयस्कर माणसे सोबत असतील तर गुडघ्यांच्या दृष्टीनेही त्याचे मोल अधिक.

गटाविरुद्ध आणखी एक कारण आहे. रानवारातील काही वाटा इतक्या अरुंद आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या भिंती लागतील. तिथे वीस माणसे उभी राहिली की कोणाच्या तरी घराचे दार अडते. तीन-चार जण असले तर पाहुणे वाटतात, वीस जण असले तर मोर्चा.

पाहण्यासारख्या गोष्टींपैकी बहुतेक लोक भित्तिचित्रांसाठीच येतात, म्हणून त्यांच्याविषयीही सांगतो. हरियाणातून आलेले चित्रकार रणजित दहिया यांनी 2012 साली बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला आणि चॅपल रोडवरील एका भिंतीवर ‘अनारकली’ या जुन्या चित्रपटाचे भव्य चित्र काढले. त्यानंतर इतरही अनेक चित्रकारांनी या परिसरातील भिंती रंगवल्या. परंतु ही चित्रे संग्रहालयातल्यासारखी कायमची नसतात. पावसाळ्यात रंग उडतो, घर पाडले की चित्रही जाते, भिंतीवर नवे चित्र येते. आपण समाजमाध्यमांवर पाहिलेले एखादे विशिष्ट चित्र आज जागेवर असेलच असे धरून चालू नये, आणि त्यासाठी गाईड तर मुळीच घेऊ नये. चित्रे आपली आपण सापडतात.

न सापडणारी गोष्ट म्हणजे क्रूस. गल्लीच्या वळणावर, कुंपणाला लागून, इमारतीच्या वाहनतळात कोपऱ्यात दडलेले हे क्रूस आपण एरवी ओलांडून जातो. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा या रोगापासून रक्षण व्हावे म्हणून, किंवा वाचल्याबद्दल कृतज्ञता म्हणून, वस्त्यावस्त्यांतून असे क्रूस उभारले गेले. त्यांपैकी काहींवर साल आणि कुटुंबाचे नाव कोरलेले असते. गाईडने आम्हाला एका क्रूसासमोर थांबवून तिथली पिवळी फुले ताजी आहेत हे दाखवले आणि ती रोज कोण वाहते हेही सांगितले. मरीआईच्या देवळांचा आणि या क्रूसांचा उगम एकाच भीतीत आहे, असे आई तेव्हा सहज म्हणून गेली, आणि मला ते कोणत्याही माहितीफलकापेक्षा नेमके वाटले.

आता या भागाच्या सध्याच्या ‘चलती’विषयी. वांद्रे हे माहीमच्या खाडीपलीकडले गाव होते आणि तिथे होडीने जावे लागे. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाख रुपयांहून अधिक देणगी दिली आणि 1845 साली माहीमचा बांधरस्ता (कॉजवे) खुला झाला, त्यावर पथकर घेऊ नये अशी त्यांची अट होती. मग रेल्वे आली, बंगले आले, चित्रपटसृष्टीतील माणसे पाली हिलवर आली, आणि अलीकडे जुन्या घरांच्या तळमजल्यांवर कॉफीची दुकाने, बेकऱ्या आणि कपड्यांची दालने आली. या बदलाबद्दल गळा काढणे सोपे आहे. मलाही आधी तसेच वाटत होते, पण गाईडने एका कौलारू घराकडे बोट दाखवले, ज्याच्या खाली कॉफीचे दुकान होते आणि वर मालक राहत होते. तळमजल्याच्या भाड्यातून त्यांनी लाकडी सज्जा आणि छप्पर दुरुस्त करून घेतले, नाहीतर एव्हाना ते घर विकासकाकडे गेले असते, असे गाईड म्हणाले. त्याच गल्लीत पलीकडे रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गोंगाटामुळे हैराण झालेली घरेही त्यांनी दाखवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिथे राहणारा माणूसच त्या एका दमात सांगू शकतो.

गल्ल्यांनंतर वेळ उरला तर हिल रोडवरून संत आंद्रेच्या चर्चकडे जावे. तिथल्या आवारात एकाच दगडातून घडवलेला एक उंच क्रूस आहे आणि त्यावर ख्रिस्ताच्या दुःखभोगाची चिन्हे कोरलेली आहेत. तेथून वर मोतमावलीचे (माउंट मेरी) चर्च. आजची इमारत 1904 सालची असली तरी स्थान फार जुने आहे, आणि नवसाला हात, पाय, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू वाहणाऱ्यांमध्ये सर्व धर्मांचे लोक दिसतात. शेवट वांद्र्याच्या किल्ल्यात करावा. पोर्तुगीजांनी तो 1640 साली बांधला, आणि इथल्या गोड्या पाण्यामुळे त्याला आग्वाद हे नाव मिळाले. किल्ला आज भग्न का, याचे कारण मराठी वाचकाला आवडण्यासारखे आहे: 1739 च्या सुमारास मराठे साष्टी जिंकून पुढे सरकत होते, तेव्हा तो त्यांच्या हाती लागून माहीमवर तोफा रोखल्या जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी त्याचा काही भाग पाडून टाकला. या टप्प्यावर खरे तर गाईडची गरज उरत नाही. आई थकली होती म्हणून आम्ही मोतमावलीपासून किल्ल्यापर्यंत रिक्षाने गेलो आणि गाईडचा निरोप चर्चपाशीच घेतला.

गाईड ठरवताना मी आता तीन गोष्टी आधीच विचारून घेतो. आपण राहता कुठे, वाटेत एखाद्या दुकानात नेणार आहात का, आणि कोणाच्या घरासमोर थांबणार असाल तर त्यांना कल्पना आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘पाखाडी’ने सुरू झाले तर मी दराबाबत फारशी घासाघीस करत नाही. दुसऱ्या प्रश्नावर उत्तर लांबू लागले तर दुसरा गाईड शोधतो.

वेळेबाबत एवढेच सांगतो की, डिसेंबर उत्तम, आणि सकाळी साडेसातला सुरुवात करावी. त्या वेळी कॉफीची दुकाने बहुधा बंद असतात, पण माणसे ओट्यावर असतात, पाववाले सायकलीवरून फिरत असतात, आणि नाताळ जवळ आला असेल तर दारांवर चांदण्या लागलेल्या दिसतात. रविवारी चर्चला जाणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून शक्यतो आठवड्याचा मधला दिवस धरावा. स्थानकाहून पश्चिमेला रिक्षा मिळते. ओट्यावर बसण्याआधी विचारावे, माणसांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीनेच काढावीत. आणि आपल्या आईंना स्वयंपाकाची आवड असेल, तर बॉटल मसाला घरी करून विकणारे कोणी आहे का, हे गाईडला आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, कारण डिसेंबरपर्यंत उन्हाळ्यात केलेल्या बाटल्या बऱ्याचदा संपत आलेल्या असतात.