‘देव माझं ऐकत नाही’

बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, हजेरीपटासारखी आखलेली. अकरा पानं भरली होती आणि प्रत्येक ओळीला आकडा होता. “हे माझे अपराध,” त्या म्हणाल्या. “यातला नेमका कुठला आडवा येतोय, ते तुम्ही बघा. मला सापडत नाही.”

मी वही हातात घेतली, पण उघडली नाही.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय अठ्ठावन्न, नगर जिल्ह्यातल्या. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. अख्खी मंडळी, म्हणजे चर्चमधले सगळे, त्यांना बाई म्हणूनच हाक मारते, म्हणून मीही तेच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. हे लिहावं असं त्यांनीच सुचवलं, कारण त्यांच्यासारखा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच विश्वासणारे येतात. शब्द निराळे असतात, भीती एकच. प्रार्थनेत मन लागत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणजे माझा विश्वास गेला का? देव माझ्यावर रागावला आहे का?

बाई बावीस वर्षं पहाटे साडेचारला उठत होत्या. आधी वाचन, मग गुडघ्यावर प्रार्थना, मग चहा. मोबाइल आल्यावर त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. रोजचं वचन आणि त्यावर चार ओळींचं मनन त्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकू लागल्या. साठ-सत्तर बायकांचा दिवस बाईंच्या मननाने सुरू व्हायचा. मग यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते चौदा महिने अंथरुणाला खिळले. बाईंनी दर शुक्रवारी उपास धरला, उपास-प्रार्थनेच्या सभा ठेवल्या, दूरच्या पाळकांना (पाद्रींना) फोन करून प्रार्थना करवून घेतल्या. यजमान गेले.

दफनविधीनंतर दहाएक दिवसांनी त्या पुन्हा साडेचारला उठल्या, गुडघे टेकले आणि काहीच आलं नाही. ना शब्द, ना रडू. दुसऱ्या दिवशीही तेच. आमची भेट झाली तोवर आठ महिने उलटले होते. मनन मात्र रोज जात होतं. तीन-चार वर्षांपूर्वीचं जुनं उचलायचं, तारीख बदलायची आणि पाठवायचं. “बायका खाली आमेन लिहितात,” त्या म्हणाल्या. “मला वाटतं मी चोरी करतेय. शास्त्री-परूश्यांना प्रभूने ढोंगी म्हटलं, ते मीच.”

त्यातच एका प्रार्थना सभेत कोणीतरी बोलून गेलं की एवढी प्रार्थना करून माणूस गेला म्हणजे घरात कुठेतरी अवज्ञा असणार. वर वचनही दिलं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. बोलणारीचा हेतू वाईट नसेलही. पण बाई त्याच रात्री वही घेऊन बसल्या.

मी विचारलं, “झोप किती लागते?”

त्यांना प्रश्न आवडला नाही. आत्म्याचं विचारायला आलेय आणि ही बाई झोपेचं काय घेऊन बसली, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी उत्तर दिलं. एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही आणि साडेचारचा गजर काही सोडवत नाही. जेवण म्हणाल तर एकटीसाठी कोण स्वयंपाक करतं? चहा-बिस्किट, कधी शेजारून आलेली भाजी. नऊ किलो वजन उतरलं होतं. टीव्ही नको, नातवाचा फोन नको, कशातच जीव नाही.

मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं आणि त्यातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला दिला. शिक्षिकेला वाचायला सांगितलं की आवाज आपोआप सरळ होतो. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी असतं. खाऊन तो पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, खा, वाट लांबची आहे. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, होरेबाला पोहोचल्यावर. बाईंनी हा अध्याय शब्बाथ शाळेत कितीदा शिकवला असेल! त्या दिवशी भाकरीपाशी थांबल्या आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या.

त्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हा भाग थोडा लांबवते, कारण आपल्याकडे इथेच माणसं अडतात. शोक हा आजार नाही, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ दिलाच पाहिजे. पण उदास मन, उडालेली झोप, मेलेली भूक, कशातही रस नसणं, सगळा दोष आपलाच वाटणं हे सारं दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच चालू राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. बाईंचं तर आठ महिने चाललं होतं. तपासणीत हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं आणि मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या लिहून दिल्या. त्या कागदासकट बाई माझ्याकडे परत आल्या. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही का?

मी प्रेषित पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढलं. शेवटच्या अध्यायात, निरोपाच्या ओळींमध्ये, तो सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवलं. ज्याच्या हातून देवाने लोक बरे केले, त्याच पौलाला आपला सोबती आजारी सोडून पुढे जावं लागलं. त्याच पत्रात तो म्हणतो, लूक एकटाच माझ्याजवळ आहे, आणि लूक वैद्य होता. बाईंनी गोळ्या सुरू केल्या. (घराजवळ तज्ज्ञ नसतील तर १४४१६ हा सरकारच्या टेली मानस सेवेचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो तुमच्या मंडळीच्या सूचना फलकावर लावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.)

दुसऱ्या भेटीत माझ्या हातून चूक झाली. बाई यजमानांच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगत होत्या. मला ते ऐकवेना आणि मी घाईने म्हटलं, देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणच घडवतो. वचन खरं आहे, पण मी ते त्यांच्यासाठी नाही, माझ्या सुटकेसाठी उच्चारलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि उरलेली चाळीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पुढच्या भेटीत मी माफी मागितली, तेव्हा कुठे त्या रात्रीचं बोलणं पुरं झालं. मी एक शब्दही बोलले नाही. शेवटी बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “मला देवाचा राग आलाय. पण हे वहीत लिहायची हिंमत झाली नाही.”

आम्ही अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीकडे येतात. हे येत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि त्यातला माणूस रात्रंदिवस ज्याला हाक मारतो तो देवच आहे. “म्हणजे हीपण प्रार्थना?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही आत्ता बोललात तीपण.

त्यानंतर पंडिता रमाबाईंचा विषय त्यांनीच काढला. अवज्ञेचं बोलणारी ती बाई दरवर्षी केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, जाते म्हणे. “रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले,” बाई बोटं दुमडत मोजू लागल्या, अगदी फळ्यासमोर उभं राहिल्यासारख्या. “१८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक लेक, मनोरमा. आईच्या हयातीत. मग स्वतः एप्रिल १९२२ मध्ये. अख्खं शास्त्र मराठीत आणलं त्या बाईने. तिचा विश्वास कमी पडला होता, असं म्हणेल का ही केडगावात उभी राहून?” आवाज चढला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या स्वतःची बाजू घेत होत्या.

अडचण राहिली ग्रुपची. मनन थांबवायला त्या तयार नव्हत्या. इतक्या बायका वाट बघतात, त्यांचं काय? मी मार्काचा दुसरा अध्याय पुढे केला. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उस्तरून खाली सोडतात. प्रभू काय बघतो? त्यांचा विश्वास. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे अवाक्षर नाही. यजमानही असेच अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे हा उतारा द्यावा की नाही याचा मी बराच विचार केला होता. बाईंनी तो दोनदा वाचला. चार दिवसांनी ग्रुपवर लिहिलं, “काही दिवस माझ्याकडून वचन येणार नाही. मला प्रार्थना करता येत नाहीये. मागचे कित्येक महिने मी जुनंच पाठवत होते. माझ्यासाठी तुम्ही करा.”

त्या संध्याकाळी दोघी जणी भाकरी आणि पिठलं घेऊन दारात आल्या. कोणी उपदेश केला नाही. जेवण झाल्यावर एकीने सांगितलं की लेक गेल्यावर दोन वर्षं ती उपासनेत नुसते ओठ हलवत होती, आणि हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आता वचन पाठवायची पाळी सात जणींनी वाटून घेतली आहे. साडेचारचा गजर बंद झाला. मी फक्त एवढंच सुचवलं की संध्याकाळी यजमानांच्या खुर्चीशेजारी पाच मिनिटं बसायचं आणि तेराव्या स्तोत्रातली पहिली ओळ म्हणायची, हे परमेश्वरा, कुठवर? पुढे काही आलं तर ठीक, नाही आलं तर दिवा लावायला उठायचं.

एक प्रश्न मात्र त्यांनी सोडला नव्हता. “ते यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, त्याचं काय? ते तर शास्त्रातच आहे.”

आहेच. पण ते शौल राजाला सांगितलेलं आहे. काहीही राखू नको अशी आज्ञा असताना त्याने लुटीतली चांगली गुरं-मेंढरं ठेवून घेतली आणि वर म्हणाला, देवाला अर्पण करायला ठेवली. बरं, तिथे इब्री भाषेत आज्ञा पाळण्यासाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ऐकणं. ‘हे इस्राएला, ऐक’ यातलाही तोच. आपल्या मराठीत हे समजावून सांगावंच लागत नाही. पोरगं ऐकत नाही म्हणतो, तेव्हा आपण त्याच्या कानांबद्दल बोलत नसतो.

बाई हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. “मी गेले वर्षभर म्हणतेय, देव माझं ऐकत नाही. तीस वर्षं वर्गात हेच वाक्य मी पोरांबद्दल म्हटलं.” त्यांचे डोळे भरून आले. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “वहीत एक गोष्ट नाही.” नणंदबाई श्रीरामपूरला असतात. भावाला पुण्याला न्या म्हणून त्या सुरुवातीपासून मागे लागल्या होत्या. बाईंनी नेलं नाही, पैशांची ओढाताण होती आणि डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नव्हती. दफनविधीच्या दिवशी कबरस्थानाच्या फाटकात दोघींची बोलाचाली झाली, आणि त्यानंतर एक शब्दही नाही. अकरा पानांत उपास मोडल्याचं होतं, उपासनेत पेंगल्याचं होतं, विद्यार्थ्याला विनाकारण मारल्याचं होतं. नणंदबाईंचं नव्हतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं, दान वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जा, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी ते उच्चारलंही नाही. नवरा त्यामुळे गेला, प्रार्थना त्यामुळे अडली, असा हिशेब त्यांच्या मनात पुन्हा सुरू होईल याची मला धास्ती होती, म्हणून तेवढं स्पष्ट बोलले. हे कशाचं कारण नाही, बाई. हे नुसतं राहून गेलेलं आहे.

त्या म्हणाल्या, “ते कळलंय मला.”

तीन आठवड्यांनी त्यांनी भेट रद्द करायला फोन केला. मागे स्टँडचा गोंगाट होता, श्रीरामपूर-श्रीरामपूर म्हणून कोणीतरी ओरडत होतं. यजमानांचा राखाडी स्वेटर सोबत घेतला होता. नणंदबाईंनीच तो विणला होता. “आज सकाळीही काही प्रार्थना झाली नाही हो मॅडम,” त्या म्हणाल्या. “तिने दार उघडलं नाही तर स्वेटर शेजारी देऊन येईन. थांबा, गाडी लागली वाटतं.”