नाव देणं आणि नावं ठेवणं

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली, ६२ टक्के. सध्या आरपीएचा, म्हणजे संगणकावरची तीच ती कामं सॉफ्टवेअरकडून आपोआप करून घेण्याचा, ऑनलाइन कोर्स करते. बॅचमधली मुलं अर्ध्या तासात अख्खा फॉर्म रेकॉर्ड करून मोकळी होतात, ही मात्र एकेका बटणाला नाव देत बसते. मी रोज शेजारी बसून लक्ष ठेवतो, तरी वेग वाढत नाही. कोर्स सोडवून तिला बँकेच्या परीक्षांना बसवावं का?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या ६२ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. मी अडखळलो ते ‘रोज शेजारी बसून’ या शब्दांवर. पदवीधर मुलीच्या खुर्चीला खुर्ची लावून वडील रोज घड्याळ बघत बसतात! गाडी शिकणाऱ्याच्या बाजूला बसून कुणी सतत ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडत राहिलं, तर त्याला गाडी कधी यायची? आणि पत्रात ‘मी’ आहे, बॅचमधली मुलं आहेत, पण ‘ती म्हणते’ असं एकदाही नाही. तिला तुम्ही विचारलंत का, की बाई, तू ही नावं का देतेस?

नसेल विचारलं, तर मी सांगतो. रेकॉर्ड केलं की बॉट, म्हणजे माणसाच्या जागी स्क्रीनवर काम करणारा प्रोग्राम, तयार, हा या क्षेत्राबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रेकॉर्ड करताना, म्हणजे स्क्रीनवरचं बटण टिपताना, त्याचं चित्र साठवलं जातंच असं नाही. बहुतेक वेळा साठतो तो त्याचा पत्ता, ज्याला सिलेक्टर म्हणतात : कोणतं ॲप, कोणती खिडकी, त्यातलं कोणतं बटण. समजा खिडकीचं शीर्षक होतं ‘बिल १०४७’. घाईत टिपलं तर तो आकडाही पत्त्यात जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी बिल १०४८ उघडतं आणि बॉट १०४७ शोधत थांबतो. जाणकार माणूस आकड्याच्या जागी फुली, म्हणजे स्टार टाकतो. कधी पत्ता ‘असल्यांपैकी तिसरं बटण’ एवढाच असतो. कंपनीने वर एक नवीन बटण आणलं की तिसरं चौथं होतं आणि बॉट भलतीकडेच क्लिक करतो. मग शेजारच्या न बदलणाऱ्या लेबलचा आधार घ्यावा लागतो, त्याला अँकर म्हणतात. यूआयपाथ या आरपीएच्या टूलमध्ये २०२० साली ऑब्जेक्ट रिपॉझिटरी आली. तिथे ॲप, आवृत्ती, स्क्रीन, एलिमेंट (म्हणजे बटण, रकाना वगैरे) अशा उतरंडीत प्रत्येक गोष्ट नावानिशी ठेवतात. तेच ‘सेव्ह’ बटण तीस ठिकाणी वापरलं असेल आणि पत्ता बदलला, तर दुरुस्ती एकाच जागी. पण ती जागा सापडायला नाव धड हवं. ‘बटण ७’ म्हणजे काय, हे सहा महिन्यांनी ते ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणजे तुमची मुलगी बटणांना नाव देते आणि तुम्ही त्यासाठी तिला नावं ठेवता. अर्ध्या तासात मोकळी झालेली ती मुलं पहिल्या अपडेटनंतर तोच फॉर्म पुन्हा टिपत बसतील.

आता दुसरी बाजू. नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. टिपण्याचं काम टूल स्वतःच दिवसेंदिवस सोपं करतायत, त्यामुळे एकाच टूलवर आयुष्य काढायचं ठरवू नये. तिने व्हीबी डॉट नेट किंवा सी शार्प यांपैकी एक प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकावी. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप हे असंच दुसरं टूल विंडोज १० आणि ११ वर फुकट मिळतं, तेच काम त्यातही करून बघावं. रात्री केलेला बॉट सकाळी दुसऱ्या बिलावर, खिडकी लहान करून चालवावा. कुठे अडला, का अडला, हे वहीत लिहावं. मुलाखतीत ती वही सर्टिफिकेटच्या आधी पुढे करावी. आणि बी.कॉम. ही तिची जमेची बाजू आहे. बॉटकडून बरीचशी कामं हिशेबाची, बिलांची आणि ताळमेळाचीच करून घेतात. नोंद चुकली तर ती का चुकली, हे तिला कळेल.

बँकेच्या परीक्षा दरवर्षी निघतात. तिला वाटलं तर ती फॉर्म भरेल.

तुम्ही एवढंच करा, ती खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवा. चहा न्यायचा तर जरूर न्या. टेबलावर ठेवा आणि परत या.