इसार दिला, प्लॉट गेला शेजाऱ्याच्या नावावर: दावा लावावा का?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापुरातला प्लॉट 28 लाखांना ठरला, 5 लाख इसार देऊन नोटरीसमोर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झालं, खरेदीखताची तारीख 31 मार्च 2025. त्याआधीच मालकाने शेजारच्या प्लॉटवाल्याला खरेदीखत करून दिलं आणि तुमच्या हातात 5 लाखांचा चेक टेकवला.

तो चेक बँकेत टाकू नका. टाकलात, की व्यवहार मोडायला तुम्ही राजी होतात असं समोरचा वकील म्हणणार. तीन महिन्यांत शिळा होईल, होऊ दे.

साठेखत नोंदवलेलं नसलं तरी करारपूर्तीच्या, म्हणजे ठरलेलं खरेदीखत करून घेण्याच्या, दाव्यात पुरावा म्हणून चालतं. मुद्रांक कमी पडला असेल तर दंडासह भरावा लागेल. नंतरच्या खरेदीदाराने पैसे मोजले असतील आणि तुमच्या व्यवहाराची त्याला खरंच कल्पना नसेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 19 त्याला वाचवतं. पण कल्पना नव्हती हे दाखवायचं त्याने. आणि तुम्ही लिहिता, मोजणीच्या दिवशी टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं! त्या दिवसाचे फोटो, मेसेज आजच वकिलांकडे द्या. साठेखत नोंदवलं असतं तर एवढा खटाटोपच नव्हता.

आता माझ्या प्रांतातलं, म्हणजे पैशाचं. उरलेले 23 लाख द्यायला तुम्ही पहिल्यापासून तयार होतात आणि आजही आहात, हे कोर्टाला दिसावं लागतं. रोकड नाचवायची नसते, पण पासबुक, एफडी, कर्जमंजुरी हवी. तुमच्या 14 लाखांच्या एफडीतले 6 लाख मुलीच्या इंजिनिअरिंगला जाणार, खरी अडचण ती. फीसाठी शैक्षणिक कर्ज काढा, एफडी मोडू नका. शेअरमध्ये तर मुळीच नको.

आजचा भाव तुम्ही 36 लाख सांगता, म्हणजे भांडण 8 लाखांचं. त्यातून वकील, कोर्ट फी आणि अपिलासकट कितीतरी वर्षं वजा करा. भाव 30 लाख असता तर इसार घेऊन मोकळ्या व्हा म्हटलं असतं. इथे दावा लावा, मालक आणि शेजारी दोघांवर. मुदत ठरल्या तारखेपासून तीन वर्षं आहे, पण थांबलात तर शेजारी पुढे विकेल. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात त्याशिवाय पुढच्या विक्रीपासून संरक्षण नाही. इसार परत मिळावा ही पर्यायी मागणीही लिहून घ्या, मागितल्याशिवाय कोर्ट देत नाही.

मधेच इसारावर 3 लाख जादा देऊन मिटवतो म्हणाले, तर मी घेईन.