ग्राउंडेड थिअरी : मुलाखती झाल्या, आता पुढे काय?

प्रश्न : एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी ऊसतोड कामगारांच्या तीस मुलाखती घेऊन झाल्या. आता त्यांना ग्राउंडेड थिअरी कशी लावू?

ग्राउंडेड थिअरी म्हणजे आधीचा सिद्धांत न तपासता, मुलाखती आणि निरीक्षणांतूनच सिद्धांत उभा करणं. ही पद्धत शेवटी लावता येत नाही. पहिली मुलाखत झाली, त्याच रात्री विश्लेषण सुरू व्हायला हवं. बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांचा अभ्यास केला, त्यातून ती घडली. १९६७ साली त्यांनी ती पुस्तकात मांडली. मरण जवळ आलंय याची कल्पना कोणाला किती असते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. म्हणून आधी ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात गेले, मग मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, जिथे रुग्ण बरेचदा बेशुद्ध. तिथून आयसीयू, जिथे मरण झपाट्याने येतं, आणि पुढे कॅन्सरचा वॉर्ड, जिथे ते रेंगाळतं. आता कुठे जायचं, हे हाती आलेली टिपणं सांगत होती. अशा तुलनेतून त्यांनी ज्या अवस्था मांडल्या, त्यातली एक वाचताना मला आजही गलबलून येतं : रुग्णालाही ठाऊक, नर्सलाही ठाऊक, आणि दोघंही ठाऊक नसल्यासारखी बोलतात.

तुमची मेहनत वाया गेलेली नाही. पाच मुलाखती ओळ न् ओळ वाचून कोडिंग करा, म्हणजे प्रत्येक तुकड्यात काय घडतंय ते सांगणारं छोटं नाव (कोड) त्याला द्या. त्यातून पडलेले प्रश्न घेऊन बाकीच्या वाचा आणि मग काही नव्या माणसांना भेटा. तेवढा वेळ नसेल तर प्रबंधात ‘विषयवार विश्लेषण’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. न केलेल्या पद्धतीचं नाव लावणं मात्र चूक.

प्रश्न : मुलाखती मराठीत आहेत. कोडिंगआधी इंग्रजी भाषांतर करावं का?

कळकळीने सांगते, करू नका. समजा, एखादी बाई म्हणाली, “आमचा एकच कोयता. पोरगी आजारी पडली की खाडा, अन् खाडा पडला की उचल फिटंना.” कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी, आणि उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. भाषांतरात ‘मजूर जोडपं’ केलंत की माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने होते, हेच पुसलं जातं. तिचेच शब्द कोड म्हणून ठेवा आणि जमेल तिथे क्रिया पकडा : ‘खाडा टाळणं’, ‘दुखणं अंगावर काढणं’. ‘आरोग्य’ असा कोड दिलात तर त्यात कोणी काही करताना दिसतच नाही. कोड सुचला की तिथेच थांबून मेमो, म्हणजे स्वतःसाठीचं टिपण, लिहा. उदाहरणार्थ : “दुखणं अंगावर काढते ते खाड्याच्या भीतीने, की जोडीदाराचाही रोज बुडेल म्हणून? अर्ध्या कोयत्याला विचारायला हवं.” पुढची मुलाखत कोणाची, हे या मेमोनेच ठरवलं. प्रबंध शेवटी अशा मेमोंमधूनच उभा राहतो.

प्रश्न : गाइड म्हणतात, आधी गृहीतक लिहा.

इथे सुरुवातीला गृहीतक नसतं, प्रश्न असतो. सिनॉप्सिसमध्ये तो नीट मांडा आणि कारण द्या. आधीचं संशोधन जरूर वाचा. फक्त त्यातल्या संकल्पना मुलाखतींवर लादू नका. १९९० मध्ये स्ट्रॉस आणि ज्युलिएट कॉर्बिन यांनी कोडिंगचा ठरावीक साचा दिला, तेव्हा १९९२ मध्ये ग्लेझर यांनी याच मुद्द्यावर कडाडून विरोध केला. नवख्यांना मी समाजशास्त्रज्ञ कॅथी शारमाझ यांची वाट सुचवते. मुलाखतींतून निघणाऱ्या अर्थात संशोधक स्वतःही सामील असतो, हे त्यांनी मान्य केलं.

प्रश्न : किती मुलाखती पुरेशा?

आकडा सांगता येत नाही. ‘तीच तीच उत्तरं येऊ लागली’ म्हणजे संपृक्तता (मुलाखती थांबवण्याची खूण) नव्हे. ‘दुखणं अंगावर काढणं’ हे गरोदर बाईच्या, विधवेच्या, पहिल्यांदाच फडात आलेल्या पोराच्या बाबतीत पडताळून पाहिलं, आणि त्याची नवी छटा मिळेनाशी झाली, की त्या संकल्पनेपुरतं थांबावं. पण तोवर मुकादमाशी बोलला नसाल, तर अजून थांबू नका.